माझ्या विद्यार्थ्याच्या हाताखाली पीएचडी

पीएचडीला नाव घातलं तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. मुलुंडच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी तोवर वीसेक वर्षं इलेक्ट्रिकल मशीन्स हा विषय शिकवत आले होते. ट्रान्सफॉर्मर, मोटर, जनरेटर. एम.ई. झालेली होते आणि त्यावर नोकरी निभावून जाईल असं वाटत होतं. बरीच वर्षं निभावलीही. मग नियम बदलले. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, पीएचडी नसेल तर यापुढे प्रमोशन विसरा. शिवाय तपासणीला समिती आली की पहिला प्रश्न तोच असतो, डिपार्टमेंटमध्ये डॉक्टरेट किती." प्राचार्य माझ्याहून वयाने लहान. त्यांची स्वतःची पीएचडी नुकतीच झालेली, त्यामुळे आवाजात जरा सुटल्याचा आनंद होता.

प्रवेश परीक्षा घाटकोपरच्या एका कॉलेजात होती. मी हॉलच्या दाराशी उभी असताना सुपरव्हायजर लगबगीने पुढे आला. माझाच जुना विद्यार्थी. "मॅडम, तुमचीही ड्युटी इथेच लागली का?"

"नाही रे. मी परीक्षेला बसलेय."

नंतर सह्या घेत फिरताना माझ्या बाकापाशी तो आला, सही केली आणि नजर वर न करता पुढे गेला. मला बरं वाटावं म्हणूनच त्याने तसं केलं असणार. पण माझे कान तापले ते पेपर संपेपर्यंत तापलेलेच होते.

पास झाले. विषयही ठरवून ठेवला होता. आमच्या सोसायटीत तेव्हा इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर लागायला लागले होते. अशा चार्जरमुळे विजेच्या प्रवाहाची लाट गुळगुळीत, गोलाईदार राहत नाही, तिच्यात बारीक बारीक उपलाटा मिसळतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. त्यांनी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर विनाकारण तापतो. किती तापतो, का तापतो, त्याचं आयुष्य किती घटतं, हे मोजायचं. विषय चांगला होता. अजूनही मला तो चांगला वाटतो.

अडलं ते गाईडपाशी. एका गाईडकडे किती विद्यार्थी घ्यायचे याला मर्यादा असते, आणि माझ्या विषयातल्या सगळ्यांच्या जागा भरलेल्या. विद्यापीठातल्या बाई म्हणाल्या, "अंधेरीचे एक सर आहेत, त्यांच्याकडे जागा आहे. तरुण आहेत, पण त्यांचं नाव चांगलं आहे. तुमच्याच कॉलेजातून पास झालेत ना ते?"

नाव वाचून मला काहीच आठवलं नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

"अगं, तुझाच विद्यार्थी म्हणजे सोपंच की."

"सोपं कसलं? त्याला सर म्हणायचं मी?"

"बँकेत मी ज्याला काम शिकवलं तो माझा मॅनेजर झाला. पहिले चार दिवस जीभ अडखळते. मग वळते."

पहिल्या भेटीला घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला गेले. मी केबिनच्या दारात दिसताच तो ताडकन उठला आणि खाली वाकून नमस्कार केला. समोर त्याचे दोन संशोधक विद्यार्थी बसले होते, तेही गोंधळून उभे राहिले. सडपातळ, चष्मा, पस्तिशीच्या आसपासचा. स्वतःची खुर्ची मला दिली आणि स्वतः लॅबमधलं स्टूल ओढून बसला.

"मॅडम, ओळखलंत ना मला?"

"हो, म्हणजे काय," मी म्हटलं.

तो त्या दोघांकडे वळला. "मी थर्ड इयरला होतो. गोवंडीहून यायचो, मराठी मीडियमचा. वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची. एकदा लॅबमध्ये मी कनेक्शन उलटं केलं आणि मोटर उलटी फिरली. सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, हसू नका, आता हाच सांगेल ती उलटी का फिरली. मी पहिल्यांदा वर्गासमोर उभा राहून बोललो. त्या दिवशी ठरवलं, शिकवायचंच." मग माझ्याकडे बघून, "आठवतंय ना मॅडम?"

मी हसून मान हलवली.

मला काहीही आठवत नव्हतं. मोटर दरवर्षी कुणाची ना कुणाची उलटी फिरते. दरवर्षी मी कुणाला तरी तेच म्हणत आले असेन. तो चेहरा, ती दुपार, काहीच नाही. तो मात्र इतक्या भरल्या मनाने सांगत होता की तेव्हा खरं बोलणं शक्य नव्हतं. निदान मला तरी शक्य झालं नाही.

पुढे वर्षभर असंच चाललं. मी त्याला एकटं असताना तू म्हणायची, लोकांत सर म्हणायची, आणि शक्य तिथे वाक्यच असं फिरवायची की दोन्ही टळेल. मोजलेले आकडे घेऊन जायची, लिहिलेलं घेऊन जायची. तो चहा मागवायचा, चाळून बघायचा. "छान आहे मॅडम. जरा बघतो आणि पाठवतो." पाठवायचा तेव्हा ते बदललेलं असायचं. आधी वाक्यं बदलायची, मग परिच्छेद. पहिल्या पेपरचा चौथा भाग तर सगळाच नवा आला. त्यात मोजलेल्या लाटेचे तुकडे कसे पाडायचे, त्यासाठी कुठली विंडो, म्हणजे कापायची चौकट, वापरायची आणि त्यातून हार्मोनिक कसे शोधायचे याचं गणित होतं. मी तीनदा वाचलं. थोडं समजल्यासारखं वाटलं, पण समजलेलं नव्हतं. बी.ई.ला असताना हे शिकले होते, परीक्षेपुरतं. नंतर माझ्या विषयाला ते कधी लागलंच नव्हतं.

फोन केला. "तो चौथा भाग…"

"तुमचाच आहे मॅडम. मी फक्त नीट मांडला."

दोघांनाही माहीत होतं की तसं नाही. मी फोन ठेवला. तेव्हा म्हणू शकले असते की हे मला येत नाही, शिकव. जीभ वळली नाही. जो मुलगा आपल्याला आठवतो असं भासवलंय, त्याच्यापुढे आपल्याला काय येत नाही हे उघडं करणं फार जड गेलं.

पेपर चांगल्या जर्नलमध्ये आला. कॉलेजने प्रवेशद्वारापाशी माझ्या फोटोचा फ्लेक्स लावला, स्टाफरूममध्ये समोसे आणले. एका तरुण सहकारी मुलीने विचारलं, "मॅडम, तो चौथा सेक्शन झकास आहे. विंडो कशी ठरवलीत तुम्ही?" मी म्हटलं, "निवांत सांगते कधीतरी." समोसा तोंडात फिरत राहिला. जाता-येता तो फ्लेक्स दिसायचा म्हणून काही दिवस मी मागच्या, पार्किंगच्या फाटकाने ये-जा केली.

मग प्रगतीचा सेमिनार आला. वर्षभराचं काम समितीपुढे मांडायचं असतं. बाहेरच्या परीक्षक म्हणून दुसऱ्या शहरातून एक बाई आल्या होत्या. माझ्याच वयाच्या, कॉटनची साडी, शांत आवाज. माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लाटेचा तुकडा तुम्ही एवढाच का घेतलात? आणि ही विंडो का निवडली?"

"मॅडम, ती स्टँडर्ड प्रोसीजर आहे."

"कुठलं स्टँडर्ड?"

मी स्लाइडकडे बघितलं. त्याचं उत्तर स्लाइडवर नव्हतं.

गाईड पुढे झाला. "अ‍ॅक्चुअली मॅडम, आपल्या सप्लायची फ्रिक्वेन्सी बरोबर पन्नास राहत नाही, त्यामुळे…"

"सर, तुम्हाला येतं हे मला माहीत आहे," त्या बाई म्हणाल्या. "मला यांच्याकडून ऐकायचंय." मग माझ्यासाठी त्यांनी प्रश्न सोपा केला. तुकडा पूर्ण लाटांवर कापला गेला नाही तर काय होईल? मला सांगता आलं नाही. आणखी सोपा केला. तेही सांगता आलं नाही. शेवटी जे विचारलं ते दुसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारतात. माझ्या डोक्यात तेव्हा काहीच शिल्लक नव्हतं. मी "सॉरी" म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्यांना माझी कीव आली होती. त्या चिडल्या असत्या तर चाललं असतं मला.

शेरा मिळाला, काम समाधानकारक नाही, सहा महिन्यांनी पुन्हा सादर करावं.

नंतर आम्ही दोघं त्याच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो. तो म्हणाला, "त्या बाईंनी जरा जास्तच ताणलं."

"नाही. बरोबर विचारलं त्यांनी."

"चूक माझी आहे मॅडम. मी आधी समजावून द्यायला हवं होतं."

"का नाही दिलंस?"

तो कपाशी चाळा करत बसला. "तुम्हाला मी काय समजावणार? तुम्ही माझ्या मॅडम. तुमच्यामुळे मी इथे आहे."

ते वाक्य मला सहन झालं नाही. वर्षभर त्या एका गोष्टीच्या आधारावर मी त्याच्या खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, "मला तू आठवत नाहीस."

"म्हणजे?"

"ती मोटर, ती लॅब, तू. मला काहीच आठवत नाही. पहिल्या दिवशी मी उगाच हो म्हटलं."

शेजारच्या टेबलावर मुलं मोठ्याने कसली तरी पैज लावत होती. मग तो म्हणाला, "ठीक आहे. वर्गात एवढी मुलं असायची." आवाज साधा होता, पण चेहरा उतरला होता. चहा तसाच ठेवून तो उठला आणि लेक्चर आहे म्हणून निघून गेला.

त्यानंतर काही आठवडे त्याच्याकडून मेसेज नाही, मेल नाही. मीही केला नाही. घरी नवरा म्हणाला, "सोडून दे ना. या वयात कोणाला काय दाखवायचंय?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण सोडलं तर शेवटचं चित्र तेच राहणार होतं, मी स्लाइडकडे बघत उभी आहे आणि त्या बाई चष्मा पुसतायत.

एक दिवस मेल आला. आधीच्या मेलमध्ये सुरुवातीला चार ओळी आदराच्या असायच्या. यात त्यातलं काही नव्हतं. पुढच्या सोमवारपासून सकाळी एम.टेक.च्या वर्गाला सिग्नल प्रोसेसिंग सुरू करतोय, तुम्ही त्याला बसावं, असाइनमेंट द्याव्यात, असं लिहिलं होतं. मी प्राचार्यांना सांगून माझी लेक्चर्स दुपारी घेतली.

पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात एक मुलगा म्हणाला, "आंटी, ऑफिस खाली आहे." मी म्हटलं, मला इथेच बसायचंय. मागच्या बाकावर जाऊन बसले. मुलं वळून वळून बघत होती, कुणाला वाटलं मी तपासणीला आलेय. तो आत आला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि शिकवायला लागला. छान शिकवत होता. घाई नाही, फळ्यावर अक्षर स्वच्छ. मुलांच्या चेहऱ्याकडे बघून थांबत होता. मी वीस वर्षं शिकवतेय म्हणून मला कळतं, हे सगळ्यांना येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी हात वर करून एक शंका विचारली. तो म्हणाला, "हे मागच्या तासाला झालंय. नोट्स बघा." पुढच्या बाकावर कुणीतरी हसलं. मी खाली मान घालून लिहीत राहिले. मेट्रोत उभी असताना डोळे भरून आले, म्हणून फोन कानाला लावून बोलल्याचं सोंग केलं. मग रागही आला. घरी जाऊन नोट्स बघितल्या. खरंच तिथे होतं.

माझं लिहिलेलं आता बदलून येत नसे. समासात शेरे यायचे. "हे तुम्हाला समजलेलं नाही. पुन्हा लिहा." "हे पुस्तकातलं वाक्य आहे. तुमचं म्हणणं काय?" मी पुन्हा लिहायची. कधी कधी एकच पान महिनाभर चालायचं. तो मला मॅडमच म्हणत होता, पण आता खुर्ची त्याची होती आणि स्टूल माझं. मोटरची गोष्ट त्याने पुन्हा कुणाला सांगितलेली मी ऐकली नाही.

हळूहळू मला समजायला लागलं. लाट पूर्ण व्हायच्या आत तुकडा कापला तर नसलेल्या उपलाटा दिसायला लागतात, आणि आपण त्या खऱ्या धरून बसतो. हे एकदा नीट उमगल्यावर मी माझे पहिल्या वर्षाचे आकडे उघडले. त्यातले कितीतरी हार्मोनिक मुळात नव्हतेच. कापण्याच्या चुकीतून आलेले होते. लाटा पूर्ण साठवूनही ठेवल्या नव्हत्या, त्यामुळे आता त्यातून काही निघणार नव्हतं. वर्षभराचं मोजमाप फुकट गेलं होतं.

त्याच्यापुढे लॅपटॉप ठेवला. "हे सगळं पुन्हा मोजावं लागेल."

"हो," तो म्हणाला.

तो दचकला नाही, हे माझ्या लक्षात आलं. "तुला आधीपासून माहीत होतं?"

"पेपरात जेवढं वापरलं तेवढं मी दुरुस्त करून घेतलं होतं. ती रेकॉर्डिंग पूर्ण होती. बाकीचं…" त्याने नकारार्थी मान हलवली.

"सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं." खिडकीकडे बघत तो म्हणाला, "सांगितलं असतं तर मला तुमची लाज वाटायला लागली असती, मॅडम. ते मला नको होतं. म्हणून बाकीचे आकडे नीट उघडून बघितलेच नाहीत. गाईड म्हणून हे बरोबर नव्हतं."

मग त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि म्हणाला, "मीटर लावायची जागा बदलूया. चार्जरच्या पॅनेलला आणि मेनला, दोन्हीकडे लावा."

पुन्हा मोजायला सुरुवात केली. आमच्या सोसायटीच्या मीटररूममध्ये मी उपकरण घेऊन खाली उतरले की सेक्रेटरी भेटायचेच. "मॅडम, अजून तेच? मागच्या वर्षी झालं होतं ना?" पहिल्यांदा मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. नंतर सांगायला लागले, "मागच्या वर्षी चुकलं होतं." त्यावर ते म्हणाले, "तुमच्यासारख्या प्रोफेसरचं चुकतं, मग आमच्या बिलाचं काय होत असेल." लिफ्टमध्ये सगळ्यांना ते सांगून झालं. आठवडाभर मला लिफ्टने जाववलं नाही.

पुन्हा सेमिनार झाला, त्याच बाई आल्या होत्या. या वेळी उत्तरं आली. त्यांनी शेवटी फक्त "बरं" म्हटलं आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. खरं तर मला शाबासकी हवी होती. पन्नाशी उलटलेल्या बाईला शाबासकी हवी होती, याचीही नंतर लाज वाटली.

प्रबंध जाईपर्यंत आणखी काही वर्षं गेली. शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते. माझ्या कॉलेजातली मुलं आली, सहकारी आले. मला ते कुणीच यायला नको होते. परीक्षक कडक होते. एका प्रश्नाला मी चुकीचं उत्तर दिलं, त्यांनी चूक दाखवली, मी मान्य केली. एकाला सरळ म्हटलं, "मला माहीत नाही." माझेच विद्यार्थी मागच्या रांगेत ऐकत होते. गाईड पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. एक शब्द बोलला नाही. निकाल जाहीर झाल्यावर उठून हात मिळवला आणि म्हणाला, "त्या चुकलेल्या प्रश्नाचं उत्तर काढून ठेवा."

कॉलेजने पुन्हा फ्लेक्स लावला. नको म्हटलं तरी लावला. दारावर नावामागे डॉक्टर आलं. तो पहिला पेपर अजून तसाच आहे, माझं नाव आधी, त्याचं नंतर. नावांचा क्रम बदलता येईल का म्हणून मी त्याला विचारलं होतं. "छापून आलं की आलं," तो म्हणाला. कुणी चौथ्या भागाविषयी मेल करून विचारतं, तेव्हा उत्तर आता मीच लिहिते, आणि बरोबर लिहिते. पण तो भाग माझ्या नावाने लोकांनी वाचला तेव्हा मला त्यातलं काही येत नव्हतं, हे माझ्या मनातून जात नाही. नवरा म्हणतो, किती दिवस उगाळशील. मी उगाळत नाही. ते अधूनमधून आपणच वर येतं, शिकवताना, बोलताना, कुणी कौतुक केलं की हमखास.

डिग्री हातात आल्यावर मी त्याला आणि त्याच्या आईला मुलुंडला जेवायला बोलावलं. आई दारात "जय भीम" म्हणत आत आल्या, पायातल्या चपला नीट कडेला ठेवल्या आणि सोफ्याच्या टोकावर बसल्या. जेवायला बसल्यावर थोडं सैलावून मला म्हणाल्या, "बाई, तुमी ह्याला शिकीवलं म्हून हा एवढा झाला."

तो पोळी मोडत म्हणाला, "आई, उलटं आहे. यांना मी शिकवलं."

"गप रे. बाईंना असं बोलत्यात का?"

"खरं बोलतोय तो," मी म्हटलं आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. त्यांनी एकदा मुलाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. हात आडवा धरत "पुरे पुरे" म्हणाल्या आणि आमच्या भाजीत काय काय घातलंय ते विचारायला लागल्या. नवऱ्याने उत्साहाने सांगायला सुरुवात केली, कारण भाजी त्याने केली होती.

जेवण झाल्यावर तो स्वतःचं ताट घेऊन स्वयंपाकघरात आला आणि नळाखाली धरून उभा राहिला. "पुढच्या पेपरचे ग्राफ कधी देताय?" त्याने विचारलं.

"या महिन्यात जमणार नाही. परीक्षेचे पेपर तपासायचेत."

"सोमवारपर्यंत निदान कच्चे पाठवा," तो म्हणाला, आणि ताट उपडं घालून हात पुसायला फडकं शोधू लागला.